गळतंय की घामेजतंय?

(पत्राचा सारांश, ओळख पटेल असे तपशील वगळून: पत्र लिहिणाऱ्या ताई, त्यांचे पती, सात वर्षांचा मुलगा आणि सासूबाई गेल्या मे महिन्यात कोल्हापुरातला भाड्याचा फ्लॅट सोडून पन्हाळा रस्त्याकडच्या स्वतःच्या शेतात राहायला गेल्या. शेतात ४० फुटी जुना कंटेनर ठेवून त्याचं घर केलं आहे. दोन खोल्या, स्वयंपाकघर, न्हाणीघर. न्हाणीघरात गॅस गिझर. आतून लोखंडी चौकट, तिच्यात ग्लासवूल (काचतंतूंचा लोकरीसारखा थर), वर पीव्हीसीच्या पट्ट्या. जुलैत चपला, दप्तर, गाद्या यांना बुरशी धरली. दिवाळीनंतर पहाटे छताच्या पट्ट्यांमधून अंथरुणावर पाणी ठिबकायला लागलं. पतींनी तीनदा वेल्डर आणला, छतावर दोनदा वॉटरप्रूफिंगचा रंग मारला, कंटेनरच्या भिंतींना मुळात असलेले बारीक झरोकेही सिलिकॉनने बुजवले. थेंब कमी न होता वाढले. मुलाचा खोकला हटत नाही. सासूबाई रोज ऐकवतात, 'लोखंडाच्या पेटीत माणूस राहतंय व्हय? लोखंड घाम गाळतंय बघा.' कंत्राटदार म्हणतो, सगळं उचकटून पफ (फवारल्यावर फुगून घट्ट होणारा फोम) मारू, दोन लाख लागतील. ताईंचे प्रश्न दोन. हे दोन लाख घालायचे, की मिळेल त्या भावाला कंटेनर विकून परत शहरात जायचं? आणि नवऱ्याला त्याची चूक पटवून कशी द्यायची?)

ताई,

बाकीचं सगळं नंतर बोलू. न्हाणीघरातला गॅस गिझर आजपासून बंद करा. तो बाहेरच्या भिंतीवर, उघड्या हवेत बसवून होईपर्यंत आंघोळीचं पाणी बाहेर चूल मांडून तापवा. झरोके बुजवलेल्या लोखंडी खोलीत गॅस जळत राहिला की हवेतला प्राणवायू कमी पडतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना वास, ना रंग. आतला माणूस चक्कर येऊन पडतो आणि बाहेरच्यांना वाटतं, आज आंघोळ जरा लांबली. तुम्ही गिझरचा उल्लेख पत्रात अगदी ओघात केलाय, मला मात्र तो वाचून पुढचं वाचवेना. कुणी सांगेल की ओल मारायला रात्री कोळशाची शेगडी आत ठेवा, तेही ऐकू नका. कारण तेच.

आता थेंबांकडे येऊ.

मटण शिजवताना आपण पातेल्यावर ताट ठेवतो आणि ताटात पाणी घालतो. थोड्या वेळाने ताट उचललं की त्याच्या खालच्या अंगाने पाणी निथळतं. म्हणून ताटाला भोक पडलंय असं समजून ते डाग द्यायला कुणी नेत नाही. खालून वाफ येते, वरचं पाणी ताटाला गार ठेवतं, गार ताटाला वाफ टेकली की तिचं पाणी होतं. तुमच्या घराचं छत म्हणजे हे ताट. वाफ तुमच्या घरातली. आणि वरचं गार पाणी म्हणजे दिवाळीनंतरचं निरभ्र आकाश. ढग नसलेल्या रात्री उघडा पत्रा आपली ऊब सरळ आकाशाकडे सोडतो आणि भोवतालच्या हवेपेक्षाही तीन-चार अंशांनी जास्त थंड होतो. पहाटे उसाच्या पाल्यावर दहिवर पडतं ते याच रीतीने. तुमच्या छतावर ते बाहेरूनही पडतं आणि आतूनही. आतलं तेवढं तुमच्या अंथरुणावर येतं.

म्हणजे ज्या पाण्याला बाहेर थोपवायला तीनदा वेल्डर आणला, ते पाणी बाहेरचं नाहीच. ते घरातलं आहे. आणि झरोके बुजवल्यावर थेंब का वाढले, हेही यातच आलं. पातेल्याचं झाकण आणखी घट्ट बसलं.

'आमच्या घरात एवढं पाणी कुठलं?' असं तुम्ही विचाराल, म्हणून हिशेबच मांडते. ४० फुटी साध्या कंटेनरमध्ये आतलं अस्तर वजा जाता साधारण ६० घनमीटर हवा मावते. २० अंश तापमानाला ही सगळी हवा मिळून जेमतेम एक लिटर पाणी वाफेच्या रूपात धरू शकते. झोपलेला माणूस श्वासातून आणि अंगातून तासाला ३० ते ५० ग्रॅम पाणी सोडतो. चार माणसं, आठ तास, झालं लिटरभर. रात्री दारं-खिडक्या लावून नुसतं झोपलात तरी हवा धरू शकेल तेवढं पाणी पहाटेपर्यंत तुम्हीच तिच्यात ओतलेलं असतं. त्यात संध्याकाळचा भात, डाळ, आंघोळीची वाफ. आणि गॅस स्वतः जळतानाही पाणी तयार करतो, हे फार जणांना ठाऊक नसतं. १४.२ किलोचा एक सिलिंडर संपेपर्यंत साधारण २२ लिटर पाणी वाफ होऊन घरात येतं. विटांच्या घरात यातलं बरंचसं भिंतीचा गिलावा शोषून घेतो आणि दिवसा सोडून देतो. कौलारू घरात ते कौलांच्या फटींतून निघून जातं. कंटेनर समुद्राचं पाणी आत येऊ नये म्हणून बनवलेला असतो. जे बाहेरून येऊ देत नाही, ते आतूनही जाऊ देत नाही.

जहाजावरच्या लोकांना हे जुनं दुखणं माहीत आहे. बंद कंटेनरमध्ये छताला साठलेलं पाणी मालावर पडतं, त्याला ते 'कंटेनरचा पाऊस' म्हणतात आणि कॉफीच्या नाहीतर कोकोच्या पोत्यांमध्ये ओल शोषणाऱ्या पिशव्या टांगून पाठवतात.

तुमच्या पत्रात आणखी एक गृहीत आहे. जुलैत बुरशी आली, दिवाळीनंतर थेंब आले, म्हणजे पावसाळ्यातलं पाणी छतात मुरून बसलंय. पत्र्यात पाणी मुरत नाही, ताई. ही दोन वेगळी दुखणी आहेत, औषधंही वेगळी. आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये बाहेरच्या हवेतच आर्द्रता ९० टक्क्यांच्या आसपास असते, त्यात तुमच्या तिन्ही बाजूंना उभा ऊस. ढगांचं पांघरूण असल्यामुळे छत फारसं थंड होत नाही, म्हणून थेंब पडत नाहीत. पण हवा इतकी दमट असते की चामडं, कापड, लाकूड ती ओढून घेतात. कोल्हापुरी चप्पल आणि गुळाची ढेप या दोन वस्तू पावसाळ्यात उघड्या ठेवल्या की काय होतं, हे आपल्या गावात कुणाला शिकवायला नको. हिवाळ्यात उलट होतं. बाहेरची हवा कोरडी, आतली दमट आणि छत गार.

तेव्हा दोन लाख, विक्री, शहर हे सगळं आठ दिवस बाजूला ठेवा आणि एक वही करा. पहाटे थेंब दिसले की किती वाजता, कुठल्या पट्टीतून, आदल्या दिवशी पाऊस होता का, आकाश मोकळं होतं का, रात्री घरात काय शिजलं, कपडे आत वाळत होते का, एवढंच लिहायचं. तीन-चारशे रुपयांत तापमान आणि आर्द्रता दाखवणारं छोटं यंत्र मिळतं. दोन घ्या. एक निजायच्या खोलीत, एक बाहेर सावलीत. माझा अंदाज असा की पाऊस नसलेल्या, चांदणं स्वच्छ पडलेल्या रात्रीच थेंब जास्त येतील. तसं निघालं तर गळती हा विषय संपला. पावसाच्याच दिवशी आणि एकाच जागेवरून येत असतील, तर मी चुकले आणि तुमचे यजमान बरोबर.

गळती थोडीफार असूही शकते, नाही म्हणत नाही. कंटेनरची भिंत नागमोडी आणि खिडकीची चौकट सपाट, त्यामुळे खिडकीच्या वरच्या कोपऱ्यांत फट राहते आणि सिलिकॉन एक-दोन उन्हाळ्यांत सुटतं. ते तपासायचं तर कोरड्या दिवशी दुपारी. एकाने बाहेरून पाइपने पाणी मारायचं, आधी खिडकीच्या खाली, मग बाजूला, मग वर. एकाने आत बॅटरी घेऊन बघत राहायचं. वरून सुरुवात केली तर पाणी कुठून शिरलं ते कळत नाही. गळती सापडलीच तर खिडकीवर पत्र्याची एक पट्टी पागोळीसारखी पुढे काढून वेल्ड करून घ्या. नुसतं सिलिकॉन पुन्हा पुन्हा भरत बसू नका. जमिनीची ओल वर येतेय का, हे बघायचं असेल तर दोन हात लांबी-रुंदीचा प्लॅस्टिकचा कागद चारी कडा चिकटवून फरशीवर दोन दिवस ठेवा. कागदाच्या खाली पाणी साठलं तर ओल खालून येतेय. वर साठलं तर ती खोलीतली.

आता तुमचा दुसरा प्रश्न. नवऱ्याला त्याची चूक कशी पटवायची. मला आधी हेच कळत नाही, की त्यांची चूक ठरवलीत कशावरून? छतातून पाणी पडलं की माणूस छतावरच चढतो. मीही चढलेय. गोकुळ शिरगावला एका बांधकामावर देखरेख करत होते तेव्हा आमचं ऑफिस म्हणजे पत्र्याची केबिन. हिवाळ्यात सकाळी रजिस्टरावर पाणी पडलेलं असायचं. मी पत्रेवाल्याला बोलावून झापलं, त्याच्या बिलातले तीनशे रुपये कापले. पंधरा दिवसांनी लक्षात आलं की महिनाभर पाऊसच झालेला नाही. आत रात्रपाळीचे दोन वॉचमन झोपायचे आणि पहाटे स्टोव्हवर चहाचं आधण ठेवायचे. पैसे मी परत दिले, पण त्यानंतर तो माणूस माझ्याशी धड बोलला नाही, आणि त्याचं बरोबर होतं.

तुमच्या यजमानांनी जे केलं त्यातलं झरोके बुजवणं तेवढं उलटं पडलं. बाकी वाया गेलं, पण नुकसान झालं नाही. खरी मेख दुसरीकडे आहे, पीव्हीसी पट्ट्यांच्या मागे. ग्लासवूल उष्णता अडवतं, वाफ अडवत नाही. खोलीतली वाफ पट्ट्यांच्या सांध्यांतून, दिव्यांच्या भोकांतून वर जाते, ग्लासवूलमधून आरपार होऊन गार पत्र्याला टेकते आणि तिथे तिचं पाणी होतं. ते ग्लासवूलमध्ये मुरतं. भिजलेलं ग्लासवूल उष्णताही अडवत नाही, म्हणजे असून नसल्यासारखं. भरीस भर म्हणून लोखंडी चौकट सरळ कंटेनरच्या पत्र्यालाच वेल्ड केलेली असते. मग बाहेरची थंडी त्या पाइपांतून आत येते. तुमच्या भिंतीवर ठराविक अंतराने उभे काळे पट्टे उमटले असतील तर ते या पाइपांच्याच रेषेत असणार. बघा बरं एकदा.

आणि सासूबाई. 'लोखंड घाम गाळतंय' हे त्यांचं वाक्य मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत अचूक वाटलं. वेल्डर, रंगवाला, कंत्राटदार, कुणालाच ते सुचलं नाही. त्यातून त्यांनी काढलेला निष्कर्ष मात्र मला मान्य नाही. त्यांच्या जुन्या घराला उंच जोतं असेल, वर माळा असेल, कौलांखाली वारा खेळत असेल. माळा नुसता लाकडं-शेणी ठेवायला नव्हता. रात्री गार पडणारं छप्पर आणि खाली झोपणारी माणसं यांच्यामध्ये तो एक हवेचा थर होता. तुमच्या कंटेनरला नेमका हाच थर नाही. तेव्हा सासूबाईंना गप्प कसं करायचं हा विचार सोडा आणि त्यांच्या सासरच्या घराला काय काय होतं ते विचारा. घराची अर्धी दुरुस्ती त्यांच्या सांगण्यातून निघेल. मग हळूच हेही सांगता येईल की आतल्या खोलीत दोरीवर वाळणारे कपडे हाही घामच आहे. चौघांचे पिळलेले कपडे म्हणजे दोन-तीन लिटर पाणी. कपड्यांसाठी बाहेर चार खांबांची पत्र्याची पडवी केलीत तर त्यांना बोलल्यासारखंही वाटणार नाही.

आता खर्चाकडे. कंत्राटदाराने सांगितलेला पफ चुकीचा नाही. बंद बुडबुड्यांचा पफ पत्र्याला थेट चिकटतो, मध्ये हवेला जागाच ठेवत नाही, त्यामुळे वाफ गार पत्र्यापर्यंत पोचत नाही. थर किमान दोन इंच हवा. पण तो आत्ता, जानेवारीत, ओल्या पत्र्यावर मारायला मी सांगणार नाही. गंज आणि ओल असलेल्या पत्र्याला तो धरत नाही. काही महिन्यांत सुटतो आणि मागे पुन्हा पाणी साठायला जागा होते. हे काम मार्च-एप्रिलचं. ग्लासवूल काढायचं, पत्रा उन्हात आठ-पंधरा दिवस सुकू द्यायचा, गंज घासून झिंकवाला प्रायमर मारायचा आणि मग पफ. त्यावर जिप्सम किंवा सिमेंटचा बोर्ड हवाच, कारण पफ पेटतो आणि त्याचा धूर जीवघेणा असतो. म्हणूनच खिडकी वाढवणं, हूक लावणं, एसीचं स्टँड, जे काही वेल्डिंग आहे ते आधी उरकून घ्या. पफ मारल्यावर वेल्डर पत्र्याच्या बाहेरच्या बाजूनेही लागता कामा नये. थर्माकोलचे तुकडे कापून बसवा म्हणणारा भेटला तर त्याला चहा पाजून परत पाठवा. नागमोडी पत्र्याच्या प्रत्येक खाचेत फट राहते, आणि दोष तर फटीचाच आहे.

पण पफच्याही आधी मी वरून दुसरं छप्पर घालीन. माझं मत विचाराल तर आपल्या भागात कंटेनरमध्ये राहायचं असेल तर हे एक काम टाळताच येत नाही, आणि सुरुवातीला पैसे वाचवायला म्हणून नेमकं हेच सगळे टाळतात. कंटेनरच्या छतापासून फूटभर उंचीवर रंगीत पत्र्याची शेड, दोन्ही टोकांना मोकळी, म्हणजे मधून वारा जाईल. आधार कंटेनरच्या चार कोपऱ्यांवर किंवा जमिनीतून उभ्या केलेल्या खांबांवर द्यायचा. कंटेनरच्या छताला भोकं पाडायची नाहीत. आपला पाऊस नैऋत्येकडून, पश्चिमेकडून येतो, तिकडे छप्पर तीन फूट तरी पुढे काढा. मग पागोळ्या भिंतीपासून लांब पडतील आणि खिडक्यांची गळतीची काळजीही बरीच कमी होईल. रात्री आकाशाकडे ऊब फेकण्याचं काम हा वरचा पत्रा करील, खालचं छत त्याच्या पांघरुणात राहील. वरच्या पत्र्याखाली पहाटे दहिवर साठेल, थोडं ठिबकेलही, पण ते कंटेनरच्या छतावर, घराबाहेर. उन्हाळ्यातला फायदा वेगळा सांगायला नको; एप्रिलची दुपार तुम्ही अजून त्यात काढलेली नाही. वाऱ्याने उडणार नाही असं बांधून घ्या, एवढंच. शिरोलीच्या कारखान्यांच्या शेड बांधणारा कुणी ओळखीचा असेल तर त्याला दाखवा, घरं बांधणाऱ्याला नको.

नुसतं छप्पर पुरेल का, किंवा नुसते झरोके उघडले तर? एक आकडा देते. खोलीत २२ अंश तापमान आणि ७५ टक्के आर्द्रता असेल तर १७ अंशांच्या आसपासच्या कुठल्याही पृष्ठभागावर पाणी धरतं. हवा खेळती ठेवून आर्द्रता ५५ टक्क्यांवर आणलीत तर ही मर्यादा साडेबारा-तेरा अंशांवर येते. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा १४-१५ पर्यंत उतरतो, उघडा पत्रा त्याच्याही खाली. म्हणजे नुसत्या हवेने भागत नाही आणि नुसत्या छपराने आतली वाफ कमी होत नाही. दोन्ही थोडं थोडं करायचं, मग मधे भरपूर अंतर राहतं. आणि एवढ्यावर थेंब थांबले, तर पफचा खर्च फक्त छतापुरता उरेल किंवा लागणारही नाही. म्हणूनच दोन लाखांच्या होकाराची घाई नको म्हणते.

वाफ कमी करायचं काम आजपासून आणि जवळजवळ फुकट होण्यासारखं आहे. बुजवलेले झरोके उघडा. आत पाऊस येतो असं वाटत असेल तर बाहेरून खाली तोंड केलेली पत्र्याची टोपी बसवा. स्वयंपाकघरात आणि न्हाणीघरात बाहेर हवा फेकणारा एक्झॉस्ट पंखा हवा, आणि आंघोळीनंतर पंधरा-वीस मिनिटं तो चालू राहायला हवा. शेगडीवरची चिमणी नळीवाली आहे का बघा. बिननळीची चिमणी तेल-वास गाळून हवा परत घरातच सोडते, वाफेला तिचा काही उपयोग नाही. रात्री निजायच्या खोलीची एक खिडकी दोन बोटं उघडी ठेवा, समोरच्या भिंतीतला झरोका उघडा. थंडी वाजेल म्हणून सासूबाई बंद करतील. त्यांना जाड रजई द्या.

कपाटं आणि पलंग बाहेरच्या भिंतीपासून चार बोटं लांब सरकवा. सासूबाईंची गादी जमिनीवर असते असं लिहिलंय. अंगाची ऊब आणि घाम गादीतून खाली जातो आणि गार फरशीवर त्याचं पाणी होतं. गादी उलटून बघा, खालून काळी पडली असेल. फळ्यांमध्ये फटी असलेली खाट करून द्या.

पावसाळ्यात मात्र हा खिडक्या उघडण्याचा मंत्र चालत नाही. बाहेरची हवाच ९० टक्के दमट असताना दिवसभर खिडक्या उघड्या ठेवणं म्हणजे ओलीला आमंत्रण. तेव्हा वाफ होते तिथे पंखा लावून तेवढी बाहेर काढायची आणि बाकी घर बंद करून हवेतलं पाणी शोषणारं यंत्र चालवायचं. डिह्युमिडिफायर म्हणून मिळतं. दिवसाला १०-१२ लिटर काढणारं यंत्र तुमच्या घराला पुरेल, आणि संध्याकाळी त्याची टाकी ओतताना हिशेब डोळ्यांना दिसेल. एसी असेल तर त्याचा ड्राय मोड थोडंफार तेच काम करतो. पण १८ अंशांवर एसी लावून घराचा फ्रिज करू नका. मग बाहेरची दमट हवा फटींतून आत येऊन गार भिंतीवर पाणी धरते. बाजारात ओल शोषणाऱ्या पांढऱ्या दाण्यांच्या डब्या मिळतात, त्या कपाटापुरत्या ठीक. खोलीत ठेवणं म्हणजे रंकाळा तलाव वाटीने उपसणं.

यंत्रावरचा आकडा ६० च्या खाली ठेवायचा प्रयत्न करा. त्याच्या बऱ्याच वर राहिला की बुरशी येणारच. आलेली बुरशी पट्ट्यांवरून साबणाच्या पाण्याने पुसा, नाकाला मास्क लावून, मुलगा घरात नसताना. जी गादी आतून काळी झालीय ती उन्हात घालून सुधारत नाही, टाकून द्या. मुलाचा खोकला तीन महिने चाललाय, तो घराच्या दुरुस्तीवर सोपवू नका. डॉक्टरांना दाखवा आणि घरात बुरशी आहे हे त्यांना आपणहून सांगा, ते विचारतीलच असं नाही. ते म्हणाले तर छप्पर होईपर्यंत महिनाभर मुलगा आणि सासूबाई शहरात नातेवाइकांकडे राहू देत. असं केलं म्हणजे हरलो असं यजमानांना वाटू देऊ नका, आणि तुम्हीही तसं म्हणू नका.

दोन गोष्टी भरभर सांगते. लोखंडी घरात अर्थिंग आणि विजेची गळती झाली की लगेच वीज तोडणारं आरसीसीबी हे स्विच असलंच पाहिजे; ज्या घरात छताला पाणी धरतं तिथे ते दिव्यांच्या वायरीवरही धरतं. आणि कंटेनरच्या दारावर धातूची एक पट्टी असते, तिच्यावर आतल्या लाकडी तळाला कुठलं कीटकनाशक लावलंय ते लिहिलेलं असतं. तो तळ उघडा असेल तर झाकून घ्या, पण आधी खालून कोरडा असल्याची खात्री करून.

विकायचं कधी? याचंही उत्तर द्यायला हवं, नाहीतर मी कंटेनरची वकिली करतेय असं वाटेल. खाली वाकून तळाचे आडवे लोखंडी पट्टे स्क्रूड्रायव्हरने टोचून बघा. टोक आत गेलं, पापुद्रे निघाले, तर त्यावर पैसा घालू नका. या लोखंडाला गंज सावकाश लागतो म्हणतात ते खरं, पण भिजून सुकत राहिलं तरच. कायम ओलं राहिलं तर तेही कुजतं. जुलैत कंटेनरखाली पाणी तुंबत होतं का, हे आठवा. काळ्या रानात ठेवला असेल आणि जमिनीपासून दीड-दोन फूट उचललेला नसेल, तर आधी तो उचलून चारी कोपऱ्यांखाली काँक्रीटचे ठोकळे, खाली प्लॅस्टिक आणि खडी, भोवती चर, हे करावं लागेल. शिवारात २०१९ ला किंवा २०२१ ला पुराचं पाणी आलं होतं का, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक. आलं असेल तर मी आणखी एक रुपयाही तिथे घालणार नाही, आणि तो दोष कंटेनरचा नाही, जागेचा आहे.

तळ भक्कम असेल, पाणी तुंबत नसेल, तर आत्ता विकू नका. बुरशीच्या वासाचा कंटेनर घेणारा गरजू बघूनच भाव पाडणार. एक हिवाळा दुसऱ्या छपराखाली काढा आणि मग ठरवा.

ज्यांनी अजून कंटेनर घेतलेला नाही आणि हे वाचताय, त्यांनी साडेनऊ फूट उंचीचा घ्या. साडेआठ फुटांत अस्तर आणि पफ गेल्यावर डोक्यावर फार काही उरत नाही. आणि कंत्राटदाराच्या कोटेशनमध्ये फर्निचरच्या वर छपराची ओळ आहे का, ते बघा. गच्चीवर पत्र्याची खोली काढलेल्यांनाही यातलं बरंच लागू आहे.

ताई, या रविवारी यजमानांना सोबत घेऊन एक काम करा. जिथून सर्वांत जास्त ठिबकतं तिथली पीव्हीसीची एकच पट्टी उघडा आणि मागे हात लावून बघा. पत्रा आतून ओला, ग्लासवूल भिजून लोंबलेलं आणि वर कुठे भोक नाही, असं दिसलं की चूक कुणी कुणाला पटवून द्यायची गरज उरणार नाही. सकाळी लवकर करा, ऊन चढायच्या आत, नाहीतर सगळं वाळून जाईल. मेन स्विच बंद करा. हातमोजे आणि मास्क घाला, ग्लासवूलची कुसळं अंगात टोचतात. आणि खाली बादली ठेवा. बऱ्यापैकी पाणी एकदम येईल.